स्टॉक आणि डिस्पॅचचे केपीआय (काम कसं चाललंय ते दाखवणारे ठरावीक आकडे): काय मोजायचं, कसं मोजायचं आणि आकडा हातात आल्यावर करायचं काय

स्टॉक आणि डिस्पॅच सांभाळणाऱ्या बहुतेक टीमकडे आकड्यांचा तुटवडा अजिबात नसतो, उलट सॉफ्टवेअरमधून रोज इतके रिपोर्ट निघतात की ते उघडून बघायलाच कुणाला फुरसत नसते. आणि तरीही ग्राहकाचा फोन येतोच की माल अर्धाच आला, गोडाऊनमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि नेमका जो आयटम हवाय तोच संपलाय. माझं याबाबत ठाम मत आहे: ज्या आकड्याकडे बघून उद्या सकाळी कोण काय वेगळं करणार हे आधी ठरलेलं नाही, तो आकडा मोजण्यात वेळ घालवू नका. खालच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्यात. क्रम शक्यतो मोडू नका, कारण पुढच्या पायरीचा आकडा मागच्या पायरीवर उभा असतो.

पायरी १: आधी दुखणं ठरवा, मग केपीआय

तक्रारी साधारण तीनच प्रकारच्या असतात. माल वेळेवर आणि पूर्ण पोचत नाही, पैसा स्टॉकमध्ये अडकलाय, नाहीतर हाताळणी आणि वाहतुकीचा खर्च वाढत चाललाय. तिन्ही एकदम हातात घेतलं की एकही धड होत नाही, म्हणून पुढच्या तीन महिन्यांसाठी एक मुख्य दुखणं निवडा आणि बाकीची दोन बिघडत नाहीयेत ना एवढं बघायला एकेक आकडा ठेवा. म्हणजे मुख्य दुखण्याचे तीन-चार धरून एकूण पाच-सहा आकडे झाले, सुरुवातीला यापेक्षा जास्त नकोच.

प्रत्येक आकड्यासाठी एका पानावर सहा गोष्टी लिहून काढा: त्याचं नाव, फॉर्म्युला, डेटा कुठून येतो, किती दिवसांनी काढायचा, जबाबदार माणूस कोण आणि आकडा बिघडला तर पहिली कृती काय. शेवटचं खोडून चालत नाही. 'चर्चा करू' ही कृती नाही, 'त्या दिवशीच्या सगळ्या उशिरा गेलेल्या ऑर्डर काढून प्रत्येकीसमोर कारण लिहायचं, संध्याकाळपर्यंत' ही कृती आहे.

व्याख्या लिहिणं कंटाळवाणं वाटतं पण वाद इथेच मिटतात. 'वेळेवर' म्हणजे ग्राहकाने मागितलेली तारीख की आपण कबूल केलेली तारीख? आपण कबूल केलेली तारीख नंतर बदलली तर जुनी धरायची की नवी? डिस्पॅच झालं की वेळेवर म्हणायचं की माल पोचला की? सेल्सवाले एक धरतात, गोडाऊनवाले दुसरं, आणि मग मीटिंगमध्ये दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर असतात पण ऑर्डर मात्र उशिराच गेलेली असते. माझा सल्ला: ग्राहकाने मागितलेली तारीख आणि पहिल्यांदा कबूल केलेली तारीख, दोन्ही सिस्टममध्ये ठेवा, दोन्हीवर आकडा काढा, आणि तारीख बदलली तरी मूळ तारीख पुसू देऊ नका.

पायरी २: सिस्टममधला स्टॉक खरा आहे का ते बघा

ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते. सिस्टम म्हणते १२० नग आहेत, रॅकवर ८५ आहेत, अशा परिस्थितीत फिल रेट (मागितलेल्यापैकी किती दिलं), सेफ्टी स्टॉक (चढउतारासाठी ठेवलेला जादा साठा), रिऑर्डर लेव्हल (ज्या पातळीला आलं की पुन्हा मागवायचं) यातलं काहीही काढलं तरी ते चुकीच्या पायावरच असणार.

मोजायचं असं. रोज थोडी लोकेशन निवडा, मोजणाऱ्याला सिस्टममधला आकडा न दाखवता फिजिकल मोजणी करायला सांगा आणि मग जुळवा. अचूकता म्हणजे जुळलेली लोकेशन भागिले मोजलेली लोकेशन. समजा २०० लोकेशन मोजली आणि १६८ जुळली तर अचूकता ८४ टक्के. किती फरक चालेल हे आयटमच्या प्रकाराप्रमाणे आधीच ठरवा, महागड्या आयटमला शून्य फरक, नट-बोल्टसारख्या वजनावर मोजायच्या मालाला एक-दोन टक्के चालतात.

इथे एक फसवा आकडा सगळीकडे वापरला जातो, तो म्हणजे निव्वळ फरक. एका लोकेशनला ५० नग जास्त, दुसरीकडे ५० कमी, बेरीज शून्य, रिपोर्ट म्हणतो सगळं ठीक. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी चूक आहे, आणि जिथे कमी आहे तिथली ऑर्डर अडकणार आहे. म्हणून प्लस-मायनस न करता फरकाची बेरीज काढा, ती इथे १०० येते.

वर्षातून एकदा सगळं बंद करून मोजण्यापेक्षा रोजची थोडी मोजणी कितीतरी चांगली, कारण फरक सापडतो तेव्हा कारणही ताजं असतं. ए वर्गाचे (वर्षभराच्या वापराच्या मूल्यात सगळ्यात वरचे) आयटम महिन्यातून एकदा, बी तीन महिन्यांतून एकदा, सी वर्षातून एक-दोनदा, अशी सुरुवात करता येते, ही वर्गवारी कशी करायची ते पायरी चारमध्ये आहे. आणि फरक सापडला की नुसतं अ‍ॅडजस्टमेंट मारून मोकळं होऊ नका, कारण शोधा: माल आत घेताना चूक झाली का, युनिट बदलताना झाली का (बॉक्स आणि नग यांची गल्लत फार कॉमन आहे), परत आलेला माल एंट्रीशिवाय रॅकवर गेला का, की डिस्पॅच झाला पण सिस्टममधून वजाच झाला नाही. महिनाभर कारणं लिहिली की बहुतेक वेळा दोन-तीन कारणंच वारंवार दिसतात आणि तिथेच काम करायचं असतं.

अचूकता निदान ९५ टक्क्यांच्या वर जाईपर्यंत पुढच्या पायऱ्यांचे आकडे काढा जरूर, पण त्यांच्यावर मोठे निर्णय घेऊ नका.

पायरी ३: सर्व्हिस मोजा, पण कुठल्या चष्म्यातून ते लिहून

'आमचा फिल रेट ९४ टक्के आहे' हे वाक्य अपुरं आहे, कारण एकाच दिवसाच्या एकाच कामातून तीन वेगळे फिल रेट निघतात. समजा १० ऑर्डर आल्या, त्यात मिळून ४० लाइन्स (ऑर्डरमधल्या एकेका आयटमची ओळ) आणि ५०० नग. आपण दिले ४७० नग, म्हणजे नगांवर ९४ टक्के. पूर्ण गेलेल्या लाइन्स ३४, म्हणजे ८५ टक्के. आणि पूर्णच्या पूर्ण गेलेल्या ऑर्डर ६, म्हणजे ६० टक्के. तिन्ही खरे आहेत. पण ग्राहकाला जे जाणवतं ते बहुतेक वेळा तिसरं असतं, विशेषतः त्याला सगळा माल एकत्र आल्याशिवाय काम सुरू करता येत नसेल तर.

ही घसरण कशी होते ते एकदा समजून घ्या. प्रत्येक लाइन वेळेवर मिळायची शक्यता ९५ टक्के असेल आणि ऑर्डरमध्ये १० लाइन्स असतील, तर पूर्ण ऑर्डर जायची शक्यता म्हणजे ०.९५ दहा वेळा गुणायचं, उत्तर साधारण ०.६०. म्हणजे प्रत्येक आयटमचा माणूस मीटिंगमध्ये ९५ टक्के दाखवतो आणि दहातल्या चार ऑर्डर तरीही अपुऱ्या जातात. मोठ्या ऑर्डरी देणारे ग्राहक जास्त नाराज का असतात याचं उत्तर बऱ्याचदा या गुणाकारात मिळतं.

ओटीआयएफ, म्हणजे वेळेवर आणि पूर्ण, हा ऑर्डरवर मोजायचा आकडा: दोन्ही अटी पाळणाऱ्या ऑर्डर भागिले एकूण ऑर्डर. परफेक्ट ऑर्डर त्याच्या एक पाऊल पुढे जाते, त्यात माल धड पोचला का आणि कागदपत्रं बरोबर होती का हेही येतं. वेळेवर ९५, पूर्ण ९७, न तुटता ९८ आणि कागदपत्रं ९९ टक्के असतील आणि या चुका एकमेकांशी संबंध नसलेल्या असतील तर परफेक्ट ऑर्डर ८९.४ टक्क्यांवर येते. चारही आकडे सुटे बघितले तर छान वाटतात, पण दहातली एक ऑर्डर कुठेतरी बिघडलेली असते.

आकड्याबरोबर कारण हवंच. प्रत्येक फेल ऑर्डरला एक कारण-कोड द्या, सात-आठपेक्षा जास्त कोड ठेवू नका: स्टॉक नव्हता, स्टॉक होता पण सापडला नाही, पिकिंग (रॅकवरून माल काढणं) उशिरा, गाडी उशिरा, रस्त्यात उशीर, ग्राहकाने घेतला नाही, ऑर्डर एंट्री चुकली. 'इतर' हा कोड ठेवलात तर त्याच्यावर लक्ष ठेवा, तो १० टक्क्यांच्या वर गेला की कोड नीट बसत नाहीयेत किंवा भरणारा घाईत आहे असं समजा.

पायरी ४: स्टॉक किती दिवसांचा आहे

इन्व्हेंटरी टर्न्स म्हणजे वर्षभरात विकलेल्या मालाची खरेदी किंमत भागिले सरासरी स्टॉकची किंमत. दोन्हीकडे खरेदी किंमतच घ्या, वर विक्री आणि खाली खरेदी असं केलं की आकडा उगाच फुगतो. विकलेला माल ६० लाखांचा आणि सरासरी स्टॉक १५ लाखांचा असेल तर टर्न्स ४, आणि ३६५ भागिले ४ म्हणजे साधारण ९१ दिवसांचा स्टॉक. सरासरी काढताना वर्षाच्या सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोनच आकडे घेऊ नका, वर्षअखेरीला सगळेच स्टॉक खाली आणतात, त्यामुळे निदान बारा महिनाअखेरीचे घ्या.

पण पूर्ण कंपनीचा एक टर्न्सचा आकडा निर्णयाला फारसा उपयोगी पडत नाही. ९१ दिवसांच्या सरासरीमागे एक आयटम ६ दिवसांवर आलेला असतो आणि दुसरा ४०० दिवसांचा पडून असतो. म्हणून वर्गवारी करा. एबीसी पद्धत जुनी आहे, जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ मध्ये ती मांडली, आणि आजही चालते: वर्षाचा वापर गुणिले किंमत काढा, उतरत्या क्रमाने लावा, पहिल्या ८० टक्के मूल्यापर्यंतचे आयटम ए, पुढचे १५ टक्के बी, उरलेले सी. एक सुधारणा मात्र जरूर करा. ज्या स्वस्त आयटमशिवाय मोठी ऑर्डर किंवा मशीन अडतं तो मूल्यावर सी असला तरी उपलब्धतेसाठी त्याला ए समजा, नाहीतर चिल्लर किमतीच्या सीलसाठी अख्खा डिस्पॅच थांबतो.

दुसरा आकडा स्टॉकच्या वयाचा. ०-९०, ९१-१८०, १८१-३६५ दिवस आणि त्यापुढे असे चार कप्पे करा, आणि प्रत्येक कप्प्यात किती मूल्य आहे ते दर महिन्याला लिहा. इथे कृती ठरलेली हवी, म्हणजे १८० दिवस एकही नग हलला नाही की खरेदी आपोआप थांबणार आणि विक्रीच्या माणसाने पंधरा दिवसांत सांगायचं की विकणार, सप्लायरला परत देणार की सवलतीत काढणार. स्टॉक बाळगण्याचा वार्षिक खर्च सर्वसाधारणपणे मूल्याच्या २० ते ३० टक्के धरतात, त्यात अडकलेल्या पैशाचं व्याज, जागा, विमा, खराब होणं आणि कालबाह्य होणं सगळं येतं. 'पडू दे, कधीतरी जाईल' या वाक्याला दरवर्षी एवढी किंमत मोजावी लागते.

पायरी ५: लीड टाइमची सरासरी सोडा, फरक मोजा

सगळ्या लेखातला एकच भाग अमलात आणायचा असेल तर हा आणा. कारण बहुतेक ठिकाणी मागणीच्या अंदाजावर प्रचंड डोकं चालवतात आणि सप्लायरचा माल यायला प्रत्यक्षात किती दिवस लागतात, म्हणजे लीड टाइम, हे कुणी मोजतच नाही, सिस्टममध्ये पहिल्या दिवशी कुणीतरी '१० दिवस' टाकलेलं असतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

मागच्या २०-३० पीओ (सप्लायरला दिलेल्या खरेदी ऑर्डर) काढा. प्रत्येकाला दोन तारखा: पीओ पाठवला तो दिवस, आणि माल तपासून रॅकवर लागून विकण्यायोग्य झाला तो दिवस. गाडी गेटवर आली तो दिवस नाही, कारण माल गेटवर आला आणि तपासणीत चार दिवस पडला तर ते चार दिवसही लीड टाइमच आहेत, फक्त ते आपल्याच घरातले आहेत. या दिवसांची सरासरी काढा आणि एक्सेलच्या फॉर्म्युल्याने स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे जातात) काढा. तसंच रोजच्या मागणीचंही करा. इथे एक काळजी घ्या, ज्या दिवशी स्टॉक शून्य होता त्या दिवशीची विक्री शून्य दिसते पण मागणी शून्य नव्हती, असे दिवस हिशोबातून वगळा, नाहीतर जो आयटम सारखा संपतो त्याचीच मागणी कमी दिसते आणि तो आणखी कमी मागवला जातो.

आता सेफ्टी स्टॉक:

सेफ्टी स्टॉक = झेड × वर्गमूळ (सरासरी लीड टाइम × मागणीच्या डेव्हिएशनचा वर्ग + सरासरी मागणीचा वर्ग × लीड टाइमच्या डेव्हिएशनचा वर्ग)

झेड म्हणजे किती खात्री हवी त्याचा आकडा, ९० टक्क्यांना १.२८, ९५ ला १.६४५, ९९ ला २.३२६.

उदाहरण घेऊ. रोजची मागणी ४० नग, तिचं डेव्हिएशन १२, लीड टाइम ९ दिवस, त्याचं डेव्हिएशन २ दिवस. पहिला भाग ९ × १४४ = १,२९६. दुसरा भाग १,६०० × ४ = ६,४००. बेरीज ७,६९६, वर्गमूळ ८७.७, गुणिले १.६४५ म्हणजे साधारण १४५ नग. रिऑर्डर लेव्हल म्हणजे लीड टाइममधली मागणी ३६० अधिक १४५, एकूण ५०५.

आता बघा हं. समजा बरीच मेहनत करून मागणीतला चढउतार निम्म्यावर आणला, १२ चा ६ झाला. सेफ्टी स्टॉक येतो १३५, म्हणजे वाचले फक्त १० नग. आणि त्याऐवजी सप्लायरशी बोलून लीड टाइममधला फरक २ दिवसांवरून १ दिवसावर आणला, सरासरी ९ दिवस तशीच ठेवून, तर सेफ्टी स्टॉक येतो ८९. म्हणजे ५६ नग वाचले, सर्व्हिस तीच ठेवून. म्हणून सप्लायरला 'लवकर द्या' म्हणण्यापेक्षा 'सांगितलेल्या दिवशीच द्या' हे म्हणणं अनेकदा जास्त फायद्याचं असतं, आणि त्यालाही ते पाळणं तुलनेने सोपं जातं. प्रत्येक आयटममध्ये असंच निघेल असं नाही, जिथे मागणी खूपच उड्या मारते तिथे पहिला भाग मोठा येतो, पण दोन्ही भाग वेगवेगळे काढल्याशिवाय कुठे जोर लावायचा हे कळत नाही.

९५ वरून ९९ टक्क्यांवर जायचं ठरवलं तर याच उदाहरणात सेफ्टी स्टॉक १४५ वरून २०४ च्या आसपास जातो. शेवटचे चार टक्के महाग असतात, म्हणून सगळ्या आयटमला सरसकट ९९ टक्के लावू नका. आणि या ९५ चा अर्थ मागवण्याच्या १०० फेऱ्यांपैकी ९५ मध्ये स्टॉक संपणार नाही असा आहे, ९५ टक्के नग मिळतील असा नाही, त्यामुळे पायरी तीनमधल्या फिल रेटशी तो थेट ताडून बघू नका.

ज्या आयटमची मागणी महिन्यातून एखाद-दोन नगांची आहे तिथे हा फॉर्म्युला नीट बसत नाही. तिथे सरळ मागच्या वर्षात सर्वात जास्त लीड टाइम किती लागला आणि तेवढ्या काळात जास्तीत जास्त किती नग गेले ते बघा आणि माणसाने ठरवा.

एका वेळी किती मागवायचं यावर मात्र फार झुरू नका. फोर्ड हॅरिस यांचा १९१३ चा ईओक्यू (सगळ्यात कमी खर्चात पडणारी ऑर्डरची मात्रा) फॉर्म्युला वापरा, पण त्याच्या उत्तराच्या दीडपट मागवलं तरी ऑर्डरिंग आणि साठवणूक मिळून खर्च साधारण ८ टक्केच वाढतो. त्यामुळे पूर्ण बॉक्स, पूर्ण पॅलेट असं राउंड करायला हरकत नाही.

पायरी ६: अंदाज किती चुकतो, आणि कुठल्या बाजूला

दोन आकडे पुरेत. एक, एकूण चूक: प्रत्येक आयटमचा अंदाज आणि प्रत्यक्ष यातला फरक, चिन्ह काढून, त्यांची बेरीज भागिले प्रत्यक्ष विक्रीची बेरीज. अंदाज १००, ५०, १० आणि प्रत्यक्ष ८०, ६०, २० असेल तर फरकांची बेरीज ४०, प्रत्यक्ष १६०, चूक २५ टक्के. दोन, बायस, म्हणजे चिन्हासकट बेरीज. या उदाहरणात तो शून्य आहे, म्हणजे चुका आहेत पण एकाच बाजूला झुकलेल्या नाहीत.

मला बायस जास्त महत्त्वाचा वाटतो. चूक पूर्ण जाणारच नाही, तिच्यासाठी सेफ्टी स्टॉक आहे. पण महिन्यामागून महिना अंदाज वरच्याच बाजूला चुकत असेल तर कुणीतरी टार्गेटलाच अंदाज समजून भरतंय, आणि तो जास्तीचा माल सहा महिन्यांनी पायरी चारच्या जुन्या कप्प्यात दिसतो.

पायरी ७: गोडाऊनच्या आत

इथे तीन आकडे कामाचे. माल उतरल्यापासून रॅकवर लागेपर्यंतचे तास, ऑर्डर आल्यापासून पॅक होईपर्यंतचे तास, आणि पिकिंगची अचूकता. तासांच्या दोन्ही आकड्यांची सरासरी काढू नका, सगळे तास लहानापासून मोठ्यापर्यंत लावा आणि मधला आकडा आणि ९० टक्क्यांवरचा आकडा (ज्याच्या आत ९० टक्के कामं संपतात तो) बघा. मधला ५ तास आणि ९० टक्क्यांवरचा ३१ तास असेल तर काम नीट चालतंय पण काही ऑर्डर कुठेतरी विसरल्या जातायत, आणि त्या कुठे अडकतात ते शोधणं हे वेग वाढवण्यापेक्षा वेगळं काम आहे.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ज्याची सिद्धता दिली तो एक साधा नियम इथे फार उपयोगी पडतो: आत अडकलेल्या ऑर्डर = दररोज येणाऱ्या ऑर्डर × एका ऑर्डरला लागणारे दिवस. रोज २४० ऑर्डर येत असतील आणि फ्लोअरवर ३६० ऑर्डर पडलेल्या असतील तर सरासरी वेळ दीड दिवस आहे, एकही ऑर्डर ट्रॅक न करता हे कळलं. तुम्ही ग्राहकांना 'त्याच दिवशी डिस्पॅच' सांगत असाल तर फ्लोअरवरचे ३६० हेच सांगतायत की ते पाळलं जात नाहीये. संध्याकाळी ठरलेल्या वेळी फ्लोअरवरच्या ऑर्डर मोजून बोर्डावर लिहा, एवढ्यावरही बरंच लक्षात येतं.

पायरी ८: गाड्या

गाडी किती भरली हे वजन आणि व्हॉल्यूम दोन्हींवर मोजा आणि ज्याचा टक्का जास्त तो धरा. हलक्या मालाची गाडी वजनावर ५५ टक्के दिसते पण आत हात घालायला जागा नसते, तिथे लोडिंगवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही, पॅकिंगचा बॉक्स लहान करता येतो का ते बघा.

गाडीच्या चार वेळा नोंदवा: गेटवर आली, डॉकला लागली, लोडिंग संपलं, गेटबाहेर गेली. पहिल्या दोन वेळांत अंतर जास्त असेल तर गाड्या एकाच वेळी येतायत, स्लॉट द्या. मधल्या दोनमध्ये जास्त असेल तर माल डॉकवर तयार नव्हता. शेवटच्या दोनमध्ये जास्त असेल तर बिल आणि चलन उशिरा बनतायत. उशिराचं खापर नेहमी ट्रान्सपोर्टरवर फुटतं, पण हे तीन तुकडे मांडले की उशीर बऱ्याचदा गाडी आपल्या गेटबाहेर पडायच्या आधीच झालेला दिसतो.

वाहतुकीचा खर्च प्रति नग किंवा प्रति किलो काढा, आणि तातडीच्या डिस्पॅचचा खर्च वेगळा ठेवा. तो प्लॅनिंग चुकल्याचा खर्च आहे, नेहमीच्या भाड्यात मिसळला की दिसेनासा होतो.

पायरी ९: प्रत्येक आकड्याला जोडीदार द्या

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण मांडलं होतं, की एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दबाव आला की तो पूर्वीसारखा विश्वासाचा राहत नाही. गोडाऊनमध्ये हे रोज घडतं. फक्त ताशी किती लाइन्स पिक केल्या हे मोजलं की सोप्या ऑर्डर आधी उचलल्या जातात आणि अवघड मागे राहतात. फक्त गाडी किती भरली हे मोजलं की गाडी भरेपर्यंत ऑर्डर थांबवल्या जातात. फक्त स्टॉकचे दिवस मोजले की महिनाअखेरीला येणारा माल गेटबाहेर उभा केला जातो आणि एक तारखेला आत घेतला जातो. यात माणसं वाईट नसतात, त्यांना जे मागितलं तेच ती देतात.

म्हणून जोड्या लावा: फिल रेटबरोबर स्टॉकचे दिवस, पिकिंगच्या वेगाबरोबर अचूकता, भरलेल्या गाडीबरोबर ऑर्डरची थांबण्याची वेळ, भाड्याच्या खर्चाबरोबर ओटीआयएफ. जोडीतला एक सुधारला आणि दुसरा बिघडला तर ती सुधारणा धरू नका. आणि या आकड्यांवर थेट पगार किंवा बोनस बांधायची घाई करू नका, निदान पहिलं वर्षभर तरी, कारण त्या क्षणापासून डेटा भरणाऱ्या माणसाला खरं लिहिणं महाग पडायला लागतं.

पायरी १०: आठवड्याची मीटिंग, आणि कशावर बोलायचं नाही

आठवड्यातून एकदा अर्धा तास, शक्यतो फ्लोअरवर उभ्यानेच. आणि सगळ्यात आधी एक शिस्त: दर आठवड्याच्या वरखाली हलण्याचं स्पष्टीकरण मागायचं नाही. ओटीआयएफ मागच्या आठवड्यात ९० होता आणि या आठवड्यात ८८ झाला तर त्यामागे काही कारण असेलच असं नाही, प्रत्येक प्रक्रिया आपोआप थोडी हलतेच, आणि तिचं कारण विचारलं की लोक कारण तयार करून आणतात.

खरा बदल ओळखायला वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या कंट्रोल चार्टची (आकड्यांच्या नेहमीच्या हलण्याच्या मर्यादा दाखवणाऱ्या आलेखाची) सोपी आवृत्ती वापरा. दहा आठवड्यांचे आकडे समजा ८८, ९१, ८६, ९०, ८७, ९२, ८९, ८५, ९०, ८८. सरासरी ८८.६. लागोपाठच्या आठवड्यांमधले फरक ३, ५, ४, ३, ५, ३, ४, ५, २, त्यांची सरासरी ३.७८. तिला २.६६ ने गुणा (हा या चार्टचा ठरलेला गुणक आहे), येतात साधारण १०, ते सरासरीतून वजा करा आणि सरासरीत मिळवा. म्हणजे खालची मर्यादा ७८.६ आणि वरची ९८.६ च्या आसपास. पुढच्या आठवड्यात ८४ आला तरी तो नेहमीच्या हलण्यातलाच आहे. ७६ आला तर नक्की काहीतरी घडलंय, त्याच दिवशी शोधा. आणि सलग आठ आठवडे आकडे सरासरीच्या एकाच बाजूला आले तरीही काहीतरी बदललंय, वर असेल तर तेही शोधा, म्हणजे ते टिकवता येईल.

आता कुणी म्हणेल ८८.६ आणि इतका चढउतार आम्हाला मान्यच नाही. बरोबर आहे, पण मग एका आठवड्याला दोष देऊन उपयोग नाही, प्रक्रियाच बदलावी लागेल. त्यासाठी पायरी तीनमधले कारण-कोड उघडा, दहा आठवड्यांच्या सगळ्या फेल ऑर्डर एकत्र करा आणि सगळ्यात वरचं एकच कारण निवडा. 'स्टॉक होता पण सापडला नाही' हे वर असेल तर पायरी दोनला परत जा. 'स्टॉक नव्हता' असेल तर त्या आयटमचा लीड टाइम खरा मोजा. पिकिंग उशिरा असेल तर ऑर्डर किती वाजता हातात पडते ते बघा, कारण दिवसभराच्या निम्म्या ऑर्डर शेवटच्या दोन तासांत येत असतील तर माणसं वाढवण्यापेक्षा ऑर्डर स्वीकारायची वेळ ठरवणं स्वस्त पडतं.

एका वेळी एकच बदल करा, तो कुठल्या आठवड्यात केला त्याची चार्टवर उभी रेघ मारा आणि निदान सहा-आठ आठवडे थांबा. रेघेनंतर आकडे वर सरकून तिथेच राहिले तर नव्या आकड्यांवरून मर्यादा पुन्हा काढा.

दर तीन महिन्यांनी दोन कामं न चुकता करायची. पहिलं, ए वर्गाच्या सगळ्या आयटमचे लीड टाइम, मागणी आणि दोघांचे डेव्हिएशन ताज्या डेटावरून काढून सेफ्टी स्टॉक आणि रिऑर्डर लेव्हल सिस्टममध्ये बदलायच्या. एक्सेलमध्ये नवा आकडा आणि सिस्टममध्ये जुना राहिला तर खरेदी जुन्याच आकड्यावर चालू राहते, म्हणून सिस्टममध्ये बदल कोण करणार त्याचं नाव लिहून ठेवा. दुसरं, ज्या केपीआयमुळे मागच्या तीन महिन्यांत एकही निर्णय झाला नाही तो बोर्डावरून काढायचा आणि त्याची जागा लगेच भरायची नाही, पुढचं दुखणं ठरेपर्यंत ती रिकामीच राहू द्यायची.